सिकलसेल असलेल्या लेकीला होस्टेलवर पाठवताना

माझ्या मुलीला सिकलसेल आहे, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा जन्मजात आजार. एसएस पॅटर्न, म्हणजे ती वाहक नाही, रुग्ण आहे. यंदा ती सहावीसाठी निवासी शाळेत गेली. नागपूरहून एसटीने दोन-अडीच तास लागतात. 'होस्टेलला काय काय न्यावं' अशा याद्या मला पुष्कळ मिळाल्या, पण असं दुखणं असलेलं लेकरू कसं पाठवावं, हे मराठीत सांगणारं कोणी भेटलं नाही. विदर्भात सिकलसेलची घरं काही कमी नाहीत. म्हणून आम्ही जे केलं ते लिहिते आहे.

पाठवायचं की नाही, यावरच घरात बरेच दिवस गेले. सासूबाईंचं एकच म्हणणं होतं, "येवढ्या दूर काहून धाडता वं पोरीले? रातीले दुखलं त कोन उठीन?" त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. पुढची सगळी तयारी आम्ही त्या एका प्रश्नाभोवतीच केली. लेकीने अभ्यास करून प्रवेश परीक्षा दिली होती, तिची निवड झाली होती, आणि तिला जायचं होतं. दुखणं तिला जन्मभर राहणार आहे. त्यापायी प्रत्येक दार आम्हीच तिच्यासाठी लावून घ्यायचं, हे मला आणि तिच्या बाबांना पटत नव्हतं.

डॉक्टरांनी सरळ 'हो' किंवा 'नाही' म्हटलं नाही. त्यांनी काही गोष्टी पाहायला सांगितल्या. गेल्या वर्षभरात तिला भरती करावं लागलं का? हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं रोजचं औषध तिला मानवतं आहे का? शाळेपासून रात्री-अपरात्री सुरू असणारा दवाखाना किती लांब आहे, आणि तिथवर नेणार कोण? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं चांगली होती. तिसऱ्यासाठी आम्ही शाळेत जाऊन आलो. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे, शाळेची गाडी रात्री असते का, ड्रायव्हर आवारातच राहतो का, १०८ची ॲम्ब्युलन्स कुठून येते, हे सगळं विचारलं. वर्ग, मैदान, मेस पाहण्याआधी मी सिक रूम पाहिली आणि तिथल्या सिस्टरशी बोलले. कोणत्याही आईवडिलांना मी हाच क्रम सांगेन.

याआधी एका खासगी निवासी शाळेत विचारून पाहिलं होतं. आजाराचं नाव ऐकताच त्यांनी 'काही झालं तर शाळा जबाबदार नाही' असं हमीपत्र मागितलं. आम्ही उठून आलो. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात हिमोफिलिया आणि थॅलेसेमियासोबत सिकलसेलचाही समावेश आहे. सरकारी किंवा सरकारमान्य शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा, असं तो कायदा सांगतो. नागपूरचे संपत रामटेके सिकलसेलच्या रुग्णांसाठी वर्षानुवर्षं झटले, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या आजाराला आमच्याकडे चारचौघांत नाव मिळालं ते अशा माणसांमुळे. तेव्हा आजार लपवून प्रवेश घ्यायचा नाही, हे आमचं ठरलेलं होतं. लपवला तर रात्री दोन वाजता वॉर्डनला काय कळणार?

उन्हाळा दवाखान्यात गेला. सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), लिव्हर, किडनी, लघवी. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची टीसीडी तपासणी. सिकलसेलच्या मुलांमध्ये लकव्याचा धोका किती आहे ते तिच्यातून कळतं, आणि सोळा वर्षांपर्यंत ती दरवर्षी करतात. डोळ्यांचा पडदाही पाहून घेतला, कारण वयाच्या दहाव्या वर्षापासून तो तपासत राहायचा असतो. दात दाखवले. मग लसी. या मुलांची पानथरी (स्प्लीन) लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे काही जंतूंशी लढायची ताकद कमी पडते. न्यूमोकोकलची लस सरकारी लसीकरणात देशभर २०२१ मध्ये आली, माझी मुलगी त्याआधी जन्मलेली. तिचे न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल, टायफॉइड आणि फ्लूचे डोस तपासले, जे राहिले होते ते शाळा सुरू व्हायच्या बऱ्याच आधी दिले. फ्लूची लस दर वर्षी घ्यावी लागते, तेव्हा पुढच्या वर्षाची तारीखही फाइलवर लिहून ठेवली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचा एकच कागद. आमची फाइल जाडजूड आहे, पण रात्री ती कोणी उघडणार नाही. म्हणून डॉक्टरांसमोर बसून एका पानावर मराठीत मोठ्या अक्षरांत सगळं लिहून घेतलं. मागच्या बाजूला तेच दवाखान्यासाठी इंग्रजीत.

पहिली ओळ तापाची: ताप १०१ फॅरनहाइटच्या वर गेला की सकाळची वाट पाहायची नाही, पॅरासिटामॉल देऊन झोपवायचं नाही, लगेच दवाखान्यात न्यायचं. इतर मुलांच्या तापाला एक रात्र थांबून पाहतात आणि ते ठीकच असतं. माझ्या मुलीच्या बाबतीत ती रात्र गमावायची नाही.

त्याखाली तातडीची लक्षणं. छातीत दुखणं किंवा दम लागणं. पोटाच्या डाव्या बाजूला वर फुगणं. एकाएकी पांढरीफटक पडणं. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद जाणं. यातलं एकही दिसलं तर आधी गाडी, मग आम्हाला फोन.

मग दुखण्याबद्दल. सिकलसेलमध्ये रक्तातल्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं-सांधे भयंकर दुखतात. शाळेत मूल पाय धरून बसलं की पहिल्यांदा बर्फ लावतात किंवा थंड स्प्रे मारतात. तिच्या दुखण्यावर बर्फ लावायचाच नाही, थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. गरम पाण्याची पिशवी, भरपूर पाणी, आराम आणि ठरलेलं औषध ठरलेल्या मात्रेत. हे पीटी सरांना मी वेगळं भेटून सांगितलं. ते म्हणाले, "ताई, बरं झालं सांगितलं, माझ्या बॅगेत स्प्रेच असतो." खेळू नये असं काही नाही. तिने खेळावं, पण दमली की थांबू द्यावं, मध्ये मध्ये पाणी प्यायला सोडावं, आणि शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावू नये.

त्याच कागदावर तिचं नेहमीचं हिमोग्लोबिन लिहिलं आहे. आठच्या आसपास असतं. एखाद्या लॅबमध्ये आठ पाहून घाबरून रक्त चढवायची घाई करतात. आठ तिच्यासाठी रोजचं आहे, सहावर आलं तर मात्र काळजी. तिचे डोळे थोडे पिवळे दिसतात, तेही लिहिलं. नाहीतर कोणी कावीळ समजून तिला वेगळं झोपवायचं, आणि अकरा वर्षांच्या मुलीच्या ते मनाला लागतं.

आणि निळी गोळी. सहावीपासून पुढच्या मुलांना शाळेत आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी देतात. योजना चांगली आहे, आपल्याकडच्या मुलींना रक्त कमीच असतं. पण माझ्या मुलीला पूर्वी रक्त चढवलं आहे, रक्तासोबत अंगात लोह साठत जातं. तिचं रक्त कमी आहे ते पेशी लवकर फुटतात म्हणून. म्हणून 'डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लोह नाही, फॉलिक ॲसिड वेगळं रोज' असं ठळक लिहिलं. रांगेत सगळ्या मुलींसोबत तिच्याही हातावर ती गोळी ठेवली जाणार हे मला दिसत होतं. सिकलसेलच्या घरांनी हा मुद्दा आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावा.

या कागदाच्या प्रती सिक रूममध्ये, वॉर्डन मॅडमकडे, वर्गशिक्षकांकडे आणि प्राचार्यांकडे दिल्या. एक लॅमिनेट करून लेकीच्या दप्तरात.

औषधांचं असं ठरलं. हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल सिस्टर रोज रात्री जेवणानंतर समोर उभं करून देतात आणि वहीवर टिक करतात. कॅप्सूल फोडायची नाही, गरोदर बाईने हाताळायची नाही, दिल्यावर हात धुवायचे, हेही लिहून दिलं. या औषधाने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात, म्हणून दोन-तीन महिन्यांनी सीबीसी लागते. ती तारीख आम्ही भेटीच्या रविवारांना आणि सुट्ट्यांना जोडून घेतली, म्हणजे तिची शाळा बुडत नाही. औषध सरकारी दवाखान्यातून मोफत मिळतं. एसटीच्या प्रवासातही सिकलसेलच्या रुग्णांना सवलत आहे, आगारात कागदपत्रं विचारून घ्या. आमच्यासारख्यांना दर महिन्याच्या येण्याजाण्यात तिचा आधार होतो.

सामानाचं थोडक्यात सांगते, कारण बरंचसं सगळ्यांसारखंच. नागपूरच्या इतवारी बाजारातून पत्र्याची पेटी घेतली, दोन किल्ल्यांचं कुलूप, एक किल्ली वॉर्डनकडे. बादली, मग, ताट-वाटी-पेला. कपड्यांवर नाव मार्करने लिहिलं तर धोब्याकडे दोन धुण्यांत जातं, म्हणून आजीने प्रत्येक कपड्यावर दोऱ्याने भरून दिलं. नाही म्हणणाऱ्या सासूबाई उन्हाळाभर तेच करत बसल्या होत्या.

वेगळं सामान हे. एक लिटरच्या दोन स्टीलच्या बाटल्या, एक वर्गात, एक उशाशी. तिला दिवसाला दोन लिटरच्या वर पाणी जायलाच हवं. रबरी गरम पाण्याची पिशवी, चांगल्या झाकणाची. डिजिटल थर्मामीटर. छत्री नाही, रेनकोट. कारण जुलैत शाळा आणि पाऊस सोबतच येतात, भिजून गारठणं तिला चालत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि जाड मोजे वर्गातच ठेवायला. मच्छरदाणी, कारण सिकलसेलच्या रुग्णाला मलेरिया जड जातो. थर्मल, म्हणजे आतून घालायचे उबदार कपडे, मे महिन्यात नागपुरात कुठून मिळणार? दिवाळीनंतर तिबेटी लोकांचा स्वेटरचा बाजार लागतो तेव्हा घ्यायचे ठरवले. थंडीत आंघोळीला गरम पाणी मिळेल, हे मात्र आधीच वॉर्डन मॅडमकडून पक्कं करून घेतलं.

गादीवर घालायला रेक्झिन आणि एक टॉर्चही दिला. हे कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. सिकलसेलमध्ये किडनीला लघवी घट्ट करता येत नाही. मूल पाणी खूप पितं आणि रात्री दोन-तीनदा उठतं, कधी उठायला उशीर होतो. आम्ही खालचा पलंग मागितला, बाथरूमच्या दाराजवळचा. वॉर्डन मॅडमनी कारण विचारलं, मी सांगितलं, त्यांनी कोणाला कळू न देता सोय केली. वर्गातूनही तिला हात वर न करता बाहेर जायची मुभा आहे. पाळी अजून आली नाही, पण पॅडचं पाकीट आणि त्याबद्दलचं बोलणं दोन्ही सोबत दिलं. पाळीच्या दिवसांत दुखणं उठू शकतं, हे सिस्टरलाही सांगून ठेवलं.

सगळ्यात जास्त वेळ लागला तो लेकीला तयार करायला. ती सोसणारी आहे. घरी मी तिच्या चेहऱ्यावरून ओळखत होते, तिथे ओळखणारं कोणी नाही. म्हणून उन्हाळाभर आम्ही शून्य ते दहाचा आकडा लावायची सवय केली. "किती दुखतंय?" "चार." चारला पाणी आणि गरम पिशवी, सिस्टरला सांगायचं. सातला आईला फोन, सिस्टर सोबत. गोळ्या नाव घेऊन ओळखायच्या, थर्मामीटर स्वतः लावून आकडा वाचायचा, लघवीचा रंग पाहून पाणी कमी पडलं का ते ताडायचं. मैत्रिणींना काय सांगायचं तेही तिनेच ठरवलं: "माझं रक्त वेगळं आहे, कोणाला लागत नाही, पण मला थंडी चालत नाही." मी त्यात एक शब्द बदलला नाही.

सोडून आलो त्या दिवशी ती रडली, मीही रडले.

ऑगस्टमध्ये एका रात्री फोन आला. ताप १०१.६. सिस्टरने तापमान पाहिलं, कागद काढला, गाडी काढायला लावली आणि निघता निघता मला फोन केला. ग्रामीण रुग्णालयात रक्त घेतलं, सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू झालं, कागदाची मागची बाजू वाचून तिथल्या डॉक्टरांनी आमच्या डॉक्टरांना फोन लावला. आम्ही पहाटे पोचलो तेव्हा ताप उतरला होता. दुसऱ्या दिवशी नागपूरला आणलं, दोन-तीन दिवस भरती ठेवलं, आणि पुढच्या रविवारी ती परत शाळेत गेली. जायचं की नाही हे मी तिला विचारलं होतं. तिची सहामाही जवळ आली होती, तिला जायचंच होतं.

त्यानंतर कागदात दोन बदल केले. रात्रपाळीच्या चौकीदारालाही एक प्रत दिली, कारण त्या रात्री फाटकाची किल्ली शोधण्यात वेळ गेला होता. आणि औषधाची मात्रा वजनावर ठरते, म्हणून दर सत्राच्या सुरुवातीला वजन करून डॉक्टरांकडून आकडा बदलून घ्यायचं ठरवलं. दिवाळीच्या सुट्टीत ती येईल तेव्हा सीबीसी, नवं वजन आणि थर्मल, एवढी कामं आहेत.