हतनूरचा फुगवटा: मासा आहे, पण लूर ओळखतो

जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर, मंदिराच्या अंगाला उभं राहून लूर, म्हणजे गळाचं नकली आमिष, टाकायचा बेत असेल तर तो आत्ताच रद्द करा. पाणी झकास आहे, मासाही आहे, पण तिथं तो तुमच्या लूरला तोंड लावणार नाही. मी ज्या व्हिडिओच्या नादाने गेलो त्यात एकामागून एक मरळ निघताना दिसतात. काठावर म्हशी धुणाऱ्या पोराला तो दाखवला. दोन मिनिटं बघून म्हणाला, "हे इथलं नाहीच भो. इथं एवढी कमळं कुठं हायेत?" इतका खर्च करून, ट्रेनची रात्र काढून हे ऐकायला मिळालं.

भुसावळला उतरायचं, तिथून मुक्ताईनगर तीसेक किलोमीटर. मुक्काम, शेवभाजी, कळण्याची भाकरी, सगळं व्यवस्थित. त्याबद्दल लिहीत बसत नाही.

मुद्दा माशांचा. तापी-पूर्णेच्या संगमाखाली हतनूर धरणाचं पाणी तुंबून राहतं, तोच हा फुगवटा. काठाला बुडालेली बाभळीची खोडं आणि शेवाळाचे पट्टे. म्हणजे मरळीचं घरच. पहाटे बेडकाच्या आकाराची लूर शेवाळावरून हळूहळू ओढत आणत होतो. मागे पाणी फुगलं. मी हात थांबवला तशी मागची मरळही थांबली. वीतभर अंतरावर, पाण्याच्या पातळीला टेकलेलं चपटं डोकं स्पष्ट दिसत होतं. मी बेडूक जरासा हलवला. ती पुढे आली, जवळजवळ नाक लावलं आणि शेपटीचा फटका मारून खाली गेली. धडक नाही, धसका नाही, बघून नको म्हणाली. दिवसभर हेच. क्रँकबेटला, म्हणजे माशाच्या आकाराच्या कडक लूरला, तर मागे यायचे कष्टही कुणी घेतले नाहीत. त्यातल्या गोळ्या खडखडल्या की समोरच्या शेवाळातली बारकी हालचालसुद्धा बंद.

संध्याकाळी जाळं आवरणाऱ्या एका काकांनी निकाल दिला. "ओळखता ते तुमचा चमचा. रविवारी जळगावची पोरं येता, भुसावळची येता, सगळे तेच तेच टाकता. मासा काय येडा आहे?"

काका बरोबर आहेत, आणि हे नुसतं काठावरचं ज्ञान नाही. हॉलंडमध्ये ब्युकेमा नावाच्या संशोधकाने पाइक या शिकारी माशावर गळाचे प्रयोग केले, 1970 साली ते छापून आले. फिरत्या चकाकणाऱ्या लूरला पाइक लवकरच टाळू लागले, पण जिवंत आमिषाला तेच मासे पुढेही लागत राहिले. कार्पच्या (रोहू-कटल्याच्या कुळातला मासा) बाबतीत त्यांना दिसलं की एकदा गळ लागून सुटलेला मासा पुढे बराच काळ गळाला बिचकतो. नंतरच्या प्रयोगांत तर दुसऱ्या कार्पला गळ लागताना पाहिलेले कार्पही सावध झालेले आढळले. म्हणजे स्वतःचा ओठ फाटायलाच हवा असं नाही.

पण इथं एक मेख आहे, आणि ती आपल्याकडे कुणी बोलत नाही. तिकडे मासा पकडून परत सोडतात, म्हणून तो शिकतो. आपल्याकडे लागलेला मासा दुपारी रश्शात असतो, तो कुणाला काय शिकवणार? शिकतात ते सुटलेले आणि शेजारी असलेले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जे अंगावर येणारे, धीट मासे होते ते आधीच पातेल्यात गेले. मागे राहिले ते जन्माचे बुजरे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात रिज लेक नावाचा तलाव आहे. तिथं बास या शिकारी माशांवर 1970 च्या दशकात सुरू झालेला प्रयोग दोन दशकांहून जास्त चालला. सुरुवातीची चार वर्षं किती वेळा कोण लागला याची नोंद ठेवली, मग तलाव उपसला. सतराशेहून जास्त मासे निघाले, त्यातले सुमारे दोनशे मासे त्या चार वर्षांत एकदाही गळाला लागले नव्हते. उलट एक पठ्ठ्या एका वर्षात 16 वेळा लागला होता! पुढे बुजऱ्यांची आणि धिटांची वेगवेगळी वीण वाढवली तेव्हा हा गुण पिलांतही उतरतो असं दिसलं. त्यामुळे "सगळे मासे शिकतात" हेही खरं नाही आणि "मासा मठ्ठ असतो" हेही नाही. संगमावर जे उरलंय ते शिकलेलं आणि बुजरं यांची भेसळ आहे. तिथं पेटीतल्या दहा लूर बदलत बसण्यात अर्थ नाही. जागा बदला.

जागा बदलायची म्हणून बोट ठरवली आणि इथं मी कापला गेलो. हिवाळ्यात फुगवट्यावर बाहेरदेशचे पक्षी उतरतात, त्यांच्यामागे मोठ्या कॅमेऱ्यांची मंडळी येतात, आणि बोटीचे भाव त्यांच्या खिशाकडे बघून ठरलेत. फोनवर पाचशे ठरले होते. पलीकडे उतरवल्यावर "वेटिंग", "डिझेल" आणि "सामान" असं जोडत अठराशे झाले. सामान म्हणजे माझा एक रॉड आणि पाठीवरची बॅग. पाण्याच्या मधोमध भांडता येत नाही, हे त्याला माझ्याआधी ठाऊक होतं. काठावर उभे असतानाच जाणं, थांबणं, येणं, सगळ्याचा मिळून एकच आकडा ठरवा आणि तो बोलताना आणखी कुणीतरी ऐकू द्या.

बोट नको म्हणून दुसऱ्या दिवशी पूर्णेच्या अंगाने चालत गेलो. हा पट्टा नीट वाचा. कालव्याचं आवर्तन सुटलं की पाणी मागे सरकतं आणि मैलभर गाळ उघडा पडतो. हतनूर गाळासाठीच प्रसिद्ध धरण आहे. वरून माती वाळून भेगाळलेली, डांबरी रस्त्यासारखी टणक दिसते. पाऊल ठेवलं की पापुद्रा फुटतो आणि पाय मांडीपर्यंत आत. बाहेर काढायला जोर लावला की दुसरा जातो. माझा एक बूट अजून तिथंच आहे. रॉड आडवा टाकून, पोटावर झोपून बाहेर आलो. एकटे असाल तर या पट्ट्यात पाऊल टाकू नका, मग तुम्ही सह्याद्रीतले कितीही किल्ले चढलेले असा. गाळपेरीच्या (उघड्या पडलेल्या गाळात घेतलेल्या पिकाच्या) वाफ्यांच्या बांधावरून किंवा म्हशींच्या ताज्या वाटेवरूनच चला. हातात काठी हवीच. वाफ्यात पाय देऊ नका, कलिंगडाचे वेल असतात आणि मालक दिसत नसला तरी तो बघत असतो.

त्या गाळामुळेच त्याच्या पलीकडे गर्दी जात नाही. म्हणून पलीकडे मासा लागला. काळोख पडता पडता, बारीक मऊ रबरी लूर, गडद रंगाची, एकच गळ, तोही रबरात लपवलेला. लांब फेकायची, तळाला जाऊ द्यायची आणि ओढण्यापेक्षा थांबण्यात जास्त वेळ घालवायचा. पहिलाच शिवडा असा लागला की रीलची कुरकुर ऐकून मी मोठ्याने ओरडलो. थकवा, बूट, अठराशे, सगळं विसरलो. त्या आनंदात मी कुणालाही "जाच" म्हणून सांगेन, तेव्हा माझं हे वाक्य थोडं कमी करून घ्या.

शिवड्याचे दात बारीक पण वाईट असतात, लीडर, म्हणजे गळाजवळचा दोऱ्याचा तुकडा, जाड ठेवा. काठावर टॉर्च मारू नका, धपाधप चालू नका. माशाच्या अंगावरच्या रेषेला पाण्यातली थरथर कळते, लूर दिसायच्या आधी तुम्ही कळता. कुणाच्या जाळ्याच्या आसपास फेकू नका, ट्रेबल हुक (तीन टोकांचा गळ) अडकला तर जाळं फाटतं आणि तुमची चूकच असते. मासेमारीचा ठेका ज्या सहकारी संस्थेकडे असेल तिथं आधी विचारा. पावसाळ्यात लालसर पिलांचा थवा दिसला तर त्यावर लूर टाकू नका. आई-बाप खालीच राखण करतात, भुकेने नाही तर रागाने अंगावर येतात. शिकलेली मरळसुद्धा तेव्हा लागते, पण ती काढली की पिल्लं संपली.

महाशिवरात्रीच्या आठवड्यात जाऊ नका. मुक्ताई-चांगदेवची यात्रा असते, खोली मिळत नाही आणि काठ माणसांनी भरलेला असतो. होळीनंतर ऊन सोसवत नाही, दुपारी रॉड हातात धरवत नाही. जानेवारी बरा. पाणी प्रत्येकी चार लिटर न्या, पलीकडे काही मिळत नाही. आणि पायातला गाळ तिथंच पाण्याच्या कडेला धुऊन टाका. गाडीत वाळला की तो ब्रशनेही निघत नाही, भाड्याची गाडी असेल तर धुलाईचे पैसे वेगळे लावतात.