हसलर: शाबासकी की शिवी?

प्रोफाइलवर नावाखाली ‘हसलर’ हा इंग्रजी शब्द लिहिला तर वाचणारा मेहनती समजेल की ठग, असं बरेच जण विचारतात. उत्तर असं: दोन्ही अर्थ खरे आहेत. ओळखायची खूण सोपी आहे, ‘हसल’ या क्रियापदाला कर्म आहे का ते बघा. ‘ती हसल करतेय’ म्हणजे धडपडतेय, एकावेळी चार कामं अंगावर घेतेय. ‘त्यानं मला हसल केलं’ म्हणजे गंडवलं, किंवा विचार करायला उसंत न देता काहीतरी गळ्यात मारलं.

मुळात ‘हसल’ हा शब्द डचमधला, हलवणं-खुळखुळवणं या अर्थाचा. सतराव्या शतकात तो इंग्रजीत आला. टोपीत नाणी खुळखुळवून खेळायच्या एका खेळाच्या नावातही तो होता. पुढे धक्काबुक्की, मग धक्का देऊन खिसा मारणारा चोर, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत उद्योगी माणूस. म्हणजे चोर आधी, कष्टाळू नंतर.

ठगाचा अर्थ नीट कळायला ‘पूल’ या बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या टेबलापाशी जावं. तिथला हसलर वाईट खेळण्यात तरबेज असतो. सुरुवातीला पैज छोटी लावतो आणि थोडक्यात हरतो. चुकवतानाही चेंडू पॉकेटच्या, म्हणजे टेबलाच्या कडेच्या भोकाच्या, ओठावर लागून अडकेल असाच मारतो, आणि ज्यानं बाकीचे चेंडू मारायचे तो पांढरा चेंडू मात्र अशा कोपऱ्यात नेऊन ठेवतो की समोरच्याला धड फटका मिळू नये. बघणाऱ्याला ते नशीब वाटतं. पैज वाढली की जिंकायला लागतो, तेही एखाद्या चेंडूनं. मोठ्या फरकानं जिंकला तर पुढचा डाव मिळत नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक असतं. हसलर पकडला जातो तो सवयीमुळे: टेबलावर टेकवलेला हात स्थिर, उभं राहण्याची ढब तयार खेळाडूची. जाणकार म्हणूनच पॉकेटकडे न बघता पांढऱ्या चेंडूवर नजर ठेवतात.

त्याच अमेरिकेत बेसबॉलचा प्रशिक्षक ‘हसल!’ ओरडतो, तेव्हा बाद होणार हे दिसत असूनही पहिल्या बेसपर्यंत जीव तोडून पळ, असा त्याचा अर्थ. तिथे हसलर ही निव्वळ शाबासकी. रस्त्यावरच्या बोलीत मात्र देहविक्रय करणाऱ्यालाही हाच शब्द आहे, हे विसरू नये.

केनियात तर तो राजकीय झाला. २०२२च्या निवडणुकीत अध्यक्षपदाचे उमेदवार विल्यम रुटो यांनी घराणेशाहीविरुद्ध ‘हसलर’ उभा केला: भाजीवाली, मोटरसायकलवरून भाडं मारणारा, रोजंदारीवाला. पक्षाचं चिन्ह एकचाकी हातगाडी. सत्तेवर आल्यावर त्याच नोव्हेंबरात मोबाइलवरून मिळणारं ‘हसलर फंड’ कर्ज सुरू झालं: ५०० ते ५०,००० शिलिंग, वार्षिक ८ टक्के व्याज, आणि रकमेतले ५ टक्के परस्पर बचतीत. तिथं कुणी स्वतःला हसलर म्हणालं तर तो आपला वर्ग सांगतोय.

आता प्रोफाइलचं. मराठीत ‘खटपट्या’ची गत साधारण अशीच आहे, दुसऱ्यानं म्हटलं तर कौतुकही असेल, स्वतः कुणी तसं छापत नाही. नवउद्योगांत ‘आमच्या टीमचा हसलर’ म्हणजे गिऱ्हाईक आणणारा, तिथे खुशाल चालतं. पण बँक, हिशेब, खरेदी, जिथे दुसऱ्याचा पैसा हाताळायचा आहे, तिथे हा शब्द काढा आणि काय केलं ते लिहा: किती ग्राहक आणले, काय विकलं. ‘साइड हसल’ म्हणजे नोकरीबाहेरची कमाई, त्यात ठगीचा वास नाही. पण ‘हसल कल्चर’, म्हणजे सतत राबत राहण्याचं कौतुक, हल्ली बहुतेकदा टीका म्हणूनच येतं. आणि बोलताना मधला ‘ट’ उच्चारायचा नाही. ‘हस्टलर’ नाही, हसलर.