आभाळाचं यमक

सोमवार, रात्री साडेदहा

चार दिवस झाले, ध्रुवपद 'आभाळ'वर अडून बसलंय. चाल तयार आहे, रविवारी जळगावात रेकॉर्डिंग आहे, आणि माझ्या वहीत पहिल्या ओळीखाली नुसती रेघ.

यमक अडलं की मी बाराखडी लावतो. शेवट धरून ठेवायचा आणि पुढचं अक्षर बदलत जायचं. आज यावलच्या एसटीत खिडकीशी बसून तेच पुटपुटत होतो : काळ, गाळ, चाळ, जाळ, टाळ, डाळ, ढाळ... शेजारचे काका जरा सरकून बसले. डाळीपाशी हसू आलं. जळगावात डाळमिला एवढ्या, की आभाळाला डाळ जोडली तर गाणं थेट मार्केट यार्डात वाजेल. बाळ, माळ, लाळ. लाळ तर नकोच. उरलं रानोमाळ, ते इतक्यांनी वापरलंय की लिहिताना आपलीच आपल्याला लाज वाटते.

रात्री मायचा फोन. कपाशीचं विचारलं, तर म्हणाली, "आभाय निस्तं भरून येतं रे बापू, पानी काही पडत नही."

आभाय!

फोन कानाला तसाच, आणि डोक्यात दुसरी ओळ पडलीसुद्धा :

वर दाटलं आभाय,
खाले वाट पाहे माय.

आमच्याकडे, जळगावकडच्या बोलीत, 'ळ'चा 'य' होतो. काळ्याचा काया, डोळ्याचा डोया, शाळेची शाया. मजा अशी की यात जुनी जोडी एकही तुटत नाही. कपाळ-सांभाळ होतं, ते कपाय-सांभाय झालं, जुळलेलंच राहिलं. वर माय, गाय, पाय, साय ही सगळी मंडळी फुकटात आत आली. चार दिवस मी ज्या दारावर डोकं आपटत होतो, ते घरात कधी बंदच नव्हतं.

मग मला सुचलं का नाही? पाचवीत 'शाया' म्हटलं म्हणून हातावर पट्टी बसली होती, वर्गात हशा वेगळाच. त्याच गुरुजींनी पुढे बहिणाबाईंची कविता शिकवताना 'मियते' हा शब्द असा काही घोळवून म्हटला, की वर्ग गप्प. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. यमक कानानं लागायचं, आणि कागदावर त्यांचा मुलगा सोपानदेव वगैरेंनी उतरवलं. पुस्तक निघालं 1952 साली, त्यांच्या माघारी. छापलं की 'मियते' कविता, आम्ही बोललो की गावंढळ.

आता एक 'आभाय' घेतलं म्हणजे बाकीचं गाणं पुस्तकी ठेवून चालणार नाही, ठिगळ दिसेल. दुसरं कडवं उसवायला घेतलंय. 'काळी माती'ची 'कायी माती' केली. 'डोळे'चे 'डोये' केले, तर ओळ आपसूक मायच्या आवाजात वाजायला लागली. 'विरह' मात्र काढूनच टाकला. आमच्या घरात तो शब्द कोणी उच्चारलेला मला आठवत नाही.

गायिका पुण्याहून येतेय. तिच्या प्रतीवर लाल पेनानं लिहून ठेवलंय : आभाय. चुकीचं नाही. 'ळ' म्हणू नये.