इंगलबरोच्या माथ्यावरचा खांब

इंग्लंडच्या यॉर्कशायर डेल्समध्ये लोक इंगलबरो हा डोंगर चढायला जातात, आम्ही गेलो ते त्याच्या माथ्यावरच्या खांबासाठी. जिओकॅशिंग करणाऱ्यांना डबे शोधायची सवय असते. मोबाइलवरच्या अक्षांश-रेखांशावर पोचायचं, दगडाच्या फटीतून डबा काढायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं. त्यांच्यातल्याच काहींना ट्रिग पॉइंटचं, म्हणजे नकाशासाठी डोंगरा-डोंगरांमधले त्रिकोण मोजायला माथ्यांवर उभारलेल्या खांबांचं, वेड असतं, मला ते फार आहे. इथे डबाही नाही आणि वहीही नाही. खांबाच्या अंगावरच्या धातूच्या पट्टीवरचा क्रमांक टिपायचा, फोटो काढायचा, झालं. पण डबा कुणीतरी आपल्यासाठीच लपवलेला असतो. हा खांब समोरच्या डोंगरावर नजर लावण्यासाठी उभा केलेला आहे, आणि मला हेच जास्त आवडतं.

क्लॅपहॅम गावातून निघालो. ट्रो गिलची चुनखडीची घळ, मग गेपिंग गिलचं ९८ मीटर खोल विवर, ओढा सरळ त्यात कोसळतो. एरवी त्यावरच पानं भरली असती. पण लिटल इंगलबरो ओलांडताना ढग खाली उतरला आणि त्यानंतरचं सगळं ढगातच झालं.

माथा ७२४ मीटरवर, चांगला ऐसपैस आणि सपाट. कडेने जुन्या तटबंदीचे दगड पडलेत, ती लोहयुगातली मानतात. सह्याद्रीत गड फिरलेल्या माणसाला इथे परकं वाटत नाही. मात्र सपाट माथ्यावर धुकं म्हणजे वाईट काम, सगळ्या दिशा सारख्याच. मोबाइलवरच्या बाणामागे चालत राहिले आणि खांब एकदम पुढ्यात आला.

चार फूट उंच, वर निमुळता होत गेलेला, काँक्रीटचा. माथ्यावर पितळेची चकती, तिच्यात तीन खाचा. थिओडोलाइटचे, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीच्या यंत्राचे, तीन पाय त्या खाचांत बसत, त्यामुळे यंत्र दर वेळी नेमकं त्याच बिंदूवर येई. ही रचना ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशे करणाऱ्या संस्थेतल्या मार्टिन हॉटिनची. १९३६ साली ब्रिटनची मोजणी नव्याने सुरू झाली, ती १९६२ पर्यंत चालली. साडेसहा हजारांच्या आसपास खांब उभे राहिले. सिमेंट, वाळू, पाणी सगळं वर वाहून न्यायचं आणि मग रात्री दूरच्या डोंगरावरचा दिवा दिसेपर्यंत थांबायचं. हवा साथ देईना तर थांबतच राहायचं. त्या चकतीवर हात ठेवला तेव्हा माझ्या मनात हे थांबणंच होतं.

तेवढ्यात एक घोळका आला. थ्री पीक्सवाले, म्हणजे इंगलबरो, व्हर्नसाइड आणि पेनीगेंट हे तीन डोंगर, २४ मैल, बारा तासांच्या आत. खांबावर थाप मारली, एकाने वर चढून फोटो काढला, निघाले. त्यांच्या दमाचं मला कौतुक आहे. पण इतकी चढण चढून पट्टीवरचा क्रमांकही न वाचता जाणं मला खरंच सहन होत नाही.

जवळच फुलीच्या आकाराचा दगडी आडोसा आहे. तिथे बसलेल्या एका वयस्कर जोडप्याने काही न बोलता सरकून जागा दिली. नवरा म्हणाला, "उतरू या का? फोटो मिळाला ना?" मी म्हटलं, "थोडं थांब रे." बसल्या बसल्या त्याला विल्यम लँबटनबद्दल सांगितलं. हा माणूस याच यॉर्कशायरचा. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा, म्हणजे सगळ्या त्रिकोणांचा आधार असलेली पहिली रेषा, मोजून त्याने हिंदुस्थानची मोजणी सुरू केली, डोंगरामागून डोंगर घेत उत्तरेकडे सरकत राहिला, आणि १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. नवरा गप्प झाला आणि त्याने थर्मास उघडला.

आणि मग ढग फाटला! उत्तरेला व्हर्नसाइडची लांबलचक पाठ, पूर्वेला पेनीगेंटचा तुटलेला कडा. दोन्ही माथ्यांवर असेच खांब आहेत. मी चकतीमागे वाकून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. नकाशा कसा तयार होतो ते पुस्तकात कितीदा वाचलं असेल, पण त्रिकोणाच्या एका टोकाशी उभं राहून उरलेली दोन टोकं दिसली तेव्हा घसा दाटून आला.

जिओकॅशिंगवाल्यांना माझं आग्रहाचं सांगणं, क्रमांक टिपून लगेच वळू नका, पुढचा डोंगर दिसेपर्यंत थांबा. छोटी दुर्बीण असेल तर उत्तम. आणि व्हर्नसाइडला गेलात तर भिंतीच्या पलीकडे डोकवा. नेहमीची वाट अलीकडून जाते, खांब पलीकडे आहे.