सावलीला दोन शब्द

इंग्रजी शब्द लक्षात कसे ठेवायचे, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आंजर्ल्याला आमच्या घरी उतरणारे पाहुणे विचारतात, "वहिनी, मराठी शाळेत शिकलात म्हणता, मग हे इंग्रजी शब्द जमवलेत कसे?" गावातल्या आया तेच वेगळ्या तऱ्हेने विचारतात, "पोर रोज वीस शब्द पाठ करतं आणि आठवड्यात विसरतं, काय करू?" दोघांनाही मी एकच सांगते. शब्दासमोर मराठी अर्थ लिहून तो घोकू नका. शब्दकोशातली इंग्रजी व्याख्या वाचा, तिच्याखालचं वाक्य वाचा, आणि मग आपल्या घरातलं, आपल्या वाडीतलं एक वाक्य स्वतः लिहा.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. पहिलीपासून आलं ते २००० साली. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. शेड म्हणजे सावली. शॅडो म्हणजे सावली. दोन्ही बरोबर, आणि वही तिथेच संपायची. पुढे कितीतरी वर्षांनी उन्हातून आलेल्या एका पाहुणीला मी आंब्याच्या शॅडोत बसायला सांगितलं. तिने हळूच शेड हा शब्द वापरून मला उत्तर दिलं. मला ते लागलं, कारण दोन्ही शब्द मला येत होते आणि तरी येत नव्हते.

त्या रात्री मुलाचा कोश काढला. शेड म्हणजे ऊन पोचत नाही अशी, म्हणून गार असलेली जागा. शॅडो म्हणजे उजेड अडल्यामुळे जमिनीवर किंवा भिंतीवर उमटणारा काळा आकार. मराठीत एका शब्दात मावलेल्या या दोन गोष्टी आहेत. मी माझं पहिलं वाक्य लिहिलं: माडाची शॅडो लांब पडते, पण माडाखाली शेड फारशी मिळत नाही. दुसरं लिहिलं: आंब्याखाली शेड दाट असते आणि संध्याकाळी त्याच आंब्याची शॅडो विहिरीपर्यंत जाते. त्यानंतर हे दोन शब्द माझ्याकडून कधी चुकले नाहीत, कारण आता ते शब्द म्हणून आठवावेच लागत नाहीत. माड आणि आंबा डोळ्यांपुढे येतात.

तो कोश शिकणाऱ्यांसाठी केलेला होता, हे मला नंतर समजलं. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांचे मोठे कोश वेगळे आणि हे वेगळे. यांचा इतिहास वाचला तेव्हा मला फार आधार वाटला. मायकल वेस्ट नावाचे शिक्षक ढाक्याला बंगाली मुलांना इंग्रजी वाचायला शिकवण्याच्या प्रश्नाशी झगडत होते. त्यांचा १९३५ सालचा कोश सुमारे दीड हजार सोप्या शब्दांत चोवीस हजारांच्या आसपास शब्द आणि शब्दप्रयोग समजावून सांगतो. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये शिकवत होते. त्यांचा कोश आधी १९४२ साली जपानमध्ये छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला. माझ्या हातातला जाडजूड ऑक्सफर्ड त्याच कोशाच्या वंशातला. म्हणजे ही पुस्तकं तयार झाली ती आपल्यासारख्यांच्या अडचणींतून. १९७८ मध्ये लाँगमन या प्रकाशकांनी आपल्या कोशातल्या व्याख्यांसाठी साधारण दोन हजार शब्दच वापरायचे असं ठरवलं. याचा उपयोग किती मोठा! एका अवघड शब्दाचा अर्थ पाहायला जावं आणि त्या अर्थात आणखी तीन अवघड शब्द भेटावेत, याने मुलं कोश मिटून टाकतात. १९८७ चा कोबिल्ड नावाचा कोश तर व्याख्याच पूर्ण वाक्यात देतो. तुम्ही अमुक केलंत तर तमुक होतं, अशा घाटाची. शेजारची बाई सांगते तसं ते वाटतं.

आता हॅच. आमच्याकडे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, एका घरट्यात साधारण शंभर. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं निघतात आणि ती समुद्राकडे जाताना पाहायला लोक पहाटे पुळणीवर उभे असतात. "अंड्यांतून पिल्लं बाहेर पडली" हे इंग्रजीत सांगायला मी पूर्वी पाच-सहा शब्द जुळवायची. हॅच एका शब्दात ते सांगतो. शिवाय उदाहरणांतून कळतं की हे क्रियापद अंड्यालाही चालतं आणि पिल्लालाही. एग्ज हॅच, टर्टल्स हॅच, दोन्ही बरोबर. नुसत्या मराठी अर्थावरून हे कधीच कळलं नसतं. त्याच पानावर दुसरा हॅच दिसला, जहाजाच्या डेकवरच्या तोंडाचा आणि त्यावरच्या झाकणाचा. हर्णै बंदरात बोटीवर बर्फ भरताना हे झाकण उघडलेलं मी लहानपणापासून पाहत आले होते.

मराठीतला कच्चा हा शब्द घ्या. कैरी कच्ची, भात कच्चा राहिला, रस्ता कच्चा, हिशेब कच्चा. इंग्रजीत यांतल्या प्रत्येकाला निराळा शब्द लागतो, आणि रॉ सगळीकडे चालवला की वाक्य बिघडतं. आंब्यातही तसंच. आमच्याकडे काढायला आलेला हापूस हिरवा आणि कडकच असतो, पण आम्ही त्याला "तयार" म्हणतो, चौदा आणे तयार. तो मॅच्युअर. मग पेंढ्यात अढी घालून पिवळा झाला, वास सुटला की राइप. हे पाहुण्यांना समजावताना मला आमचं "तयार" नव्याने कळलं.

स्प्रिंगचंही सांगते, कारण यात खूप मुलं फसतात. स्प्रिंग म्हणजे वसंत एवढंच पाठ असलं की स्प्रिंग टाइड ही वसंतातली भरती वाटते. कोशात पाहिलं तर अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला येणारी, पाणी सगळ्यांत वर चढणारी आणि सगळ्यांत खाली जाणारी भरती-ओहोटी. म्हणजे आपलं उधाण! अष्टमीच्या आसपासची, पाणी कमीच चढणारी भांगाची भरती ती नीप टाइड. स्प्रिंगच्या मुळाशी उसळणं आहे. पाण्याचा झरा, उडी, घड्याळातली तार, झाडांना फुटवा येण्याचा ऋतू, सगळे त्यातूनच निघालेले. कोळ्याच्या घरातल्या मुलाला हे एकदा दाखवावं. त्याला भरतीची तिथी तोंडपाठ असते.

एका ठिकाणी मात्र मी मराठीच धरते. मॅकरेल पाहायला जा, समुद्रातला खाण्याचा मासा असं काहीतरी सापडेल. त्याने काय कळणार? बांगडा, एवढंच सांगावं आणि पुढे जावं. मासे, झाडं, मसाले, रोग यांना आपलं नाव लगेच द्यावं. व्याख्येची मेहनत क्रियापदांवर आणि गुण सांगणाऱ्या शब्दांवर घालावी, कारण वाक्य अडतं ते तिथेच.

वीस शब्द नकोत, रोज तीन खूप झाले. व्याख्या उतरवून काढायची गरज नाही. ती वाचायची, कोश मिटायचा आणि आपलं वाक्य लिहायचं. दोन-तीन दिवसांनी वही उघडून वाक्यातला तो शब्द अंगठ्याने झाकायचा आणि वाक्य मोठ्याने वाचायचं. जागा भरता आली तर शब्द आपला झाला. नाही आली तर तेच वाक्य पुन्हा न लिहिता नवं लिहायचं, वेगळ्या माणसांचं.

शेजारची सातवीतली मुलगी संध्याकाळी दिवा लागला की वही घेऊन आमच्या ओटीवर येते. काल बॉरो आणि लेंड होते. मराठीत उसनं घेतो आणि उसनं देतो, उसनं तेच राहतं, म्हणून हे दोन शब्द सगळ्यांचे उलटसुलट होतात. तिने बराच वेळ व्याख्या वाचली आणि लिहिलं: आई काकूंकडून खवणी बॉरो करते, काकू आईला खवणी लेंड करतात. खरंच आमची खवणी परवापासून त्यांच्याकडे होती. मी म्हटलं, "बरोबर आहे, पण मग ती परत आणून देते तेव्हा?" तिने पेन्सिल तोंडात धरली आणि कोशात आर अक्षराची पानं काढली.