ओटा नकाशात नव्हता

आज सेलूजवळच्या आमच्या होऊ घातलेल्या सोसायटीची बैठक झाली. अकरा घरं. इंजिनिअरभाऊंनी नकाशा खाटेवर पसरला. पार्किंग, कंपाउंड, गेट, सगळं चोख. शेजारच्या काकू बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "सारं बरं आहे बापा, पण कुरडया कुठी वाळू घालाच्या?"

मग सुटलंच सगळं. भाव येईपर्यंत कापूस कुठे भरायचा? तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन कुठे जमतील? मे महिन्यात पारा ४५ वर गेला की रात्री अंगणातच झोपतो आम्ही, दाराला दार लागलं तर बायका झोपतील कुठे? (हे पुरुषांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. मलाही नाही.)

सेवाग्राम इथून जवळच. १९३६ पासूनच्या त्या कुट्या मातीच्या, वर कवेलू, भोवती ओसरी. दुपारी तिथे टेकलं की उठवत नाही. आम्ही मात्र पूर्ण स्लॅबचा नकाशा काढून बसलो होतो.

शेवटी चार गाड्यांची जागा खोडली. तिथे कडुनिंब, लांब ओटा आणि सामायिक खोली. गाडीवाले दोघं अजून फुगलेत. काकूंनी नकाशावरच बोटानं कुरडयांची जागा आखून ठेवलीय.