वहिनीचं विरजण

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी वहिनी रोज रात्री विरजण लावते. कोमट दुधात बोट बुडवून पाहते, मग चमचाभर दही. दादाला मल्टिपल स्क्लेरॉसिस निघाला तेव्हापासून तिचा एकच प्रश्न: "अगं, माझ्या हातचं खाऊन तर नाही ना झालं?"

या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरचं मायेलिनचं आवरण कुरतडते. आतड्यातले जिवाणू या प्रतिकारशक्तीला वळण लावतात, म्हणून मी त्यावरच वाचत बसते. २०२२ च्या एका अभ्यासात ५७६ रुग्ण आणि त्यांच्याच घरातली, रक्ताचं नातं नसलेली तितकीच निरोगी माणसं घेतली होती. म्हणजे दादा-वहिनीच की! एका छपराखाली राहूनही जिवाणूंत फरक होता: रुग्णांत अकरमॅन्सिया जास्त, फिकॅलिबॅक्टेरियम कमी. २०१७ च्या एका अभ्यासात जुळ्यांपैकी आजारी भावंडाचे जिवाणू उंदरांना दिले, तर निरोगी भावंडाचे दिलेल्या उंदरांपेक्षा त्यांच्यात तसाच आजार जास्त उद्भवला. अर्थात ते उंदीर मुळातच त्या आजाराकडे झुकलेले होते.

वहिनीला ठणकावून सांगितलं, दोष तुझ्या हाताचा नाही. दह्याने हा आजार बरा होत नाही, औषध चुकवायचं नाही. काल दादाने थरथरत्या डाव्या हाताने ताकाचा पेला उचलला, दोन घोट घेतले आणि मीठ मागितलं.